“आता घरी न्या” म्हणाले ना? मग ऐक

बस गं आधी. डॉक्टर “आता घरी न्या, सेवा करा” म्हणाले आणि तुझे हातपाय गळाले, कळतंय मला. पण खरं सांगू का, कॅन्सरवरचे उपचार थांबले म्हणून बाबांवरचे उपचार थांबत नाहीत. दुखणं, धाप, मळमळ, झोप न लागणं, सगळ्यावर औषधं आहेत. पॅलिएटिव्ह केअर म्हणतात त्याला. न मागता मिळेलच असं नाही, म्हणून तू माग.

उद्या फाइल घेऊन इथल्या आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात एकटीच जाऊन ये, बाबांना रिक्षात घालून हेलपाटे नकोत. सरळ विचार, “दुखण्यासाठी मॉर्फिन देता का?” ते कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळायचं नाही. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यता असलेल्या रुग्णालयांना ते ठेवणं सोपं झालं. नाव ऐकून आत्या-मामा दचकतील. “व्यसन लागेल, लवकर जातील” म्हणतील. बघ, डॉक्टरांनी दुखण्यापुरतं ठरवून दिलेल्या गोळीने माणूस लवकर जात नाही. कण्हणं थांबतं, मग तो चार शब्द बोलतो, झोपतो. साधी गोळी बहुधा दर चार तासांनी असते. दुखायची वाट बघायची नाही, घड्याळ बघायचं. बद्धकोष्ठ होतंच, तेव्हा पोट साफ व्हायचं औषधही त्याच वेळी लिहून घे.

आणि वरणभाताची वाटी घेऊन मागे लागू नकोस. शेवटी शेवटी शरीरच अन्न नको म्हणतं, तू त्यांना उपाशी ठेवत नाहीयेस. बळजबरीने भरवलं तर घास श्वासनलिकेत जातो. मागतील तेव्हा दोन चमचे पेज दे, ओल्या कापसाने तोंड पुस, ओठांना तूप लाव. गंगाजळही ओठांवर थेंबभर पुरतं. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात कुणालाही चमचा ओतू देऊ नकोस. दर दोन तासांनी त्यांची कूस बदल. एअर बेड भाड्याने मिळतो, तो आजच आण, पाठ सोलवटल्यावर नको.

आता अवघड गोष्ट. बाबा नीट बोलताहेत तोवर त्यांना विचार, व्हेंटिलेटर, आयसीयू हवंय का? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग एका हल्ल्यानंतर 1973 पासून 2015 पर्यंत अंथरुणावर होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना जिवापाड जपलं, पण तुला काय हवं, हे अरुणाताईंना विचारायची सोयच उरली नव्हती. तुझ्याकडे ती आज आहे गं. 2018 साली सुप्रीम कोर्टाने अशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 ला रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे दे.

त्यांच्याशी आणखी एक बोलून ठेव. घरी मृत्यू झाला तर दाखला द्यायला येतील का? ऐन वेळी रात्री दोनला डॉक्टर शोधत फिरायची पाळी तुझ्यावर यायला नको.

आणि पुण्याच्या भावाला आत्ता, माझ्यासमोर फोन लाव. पैसे पाठवतो म्हणेल. घे, पण शनिवार-रविवारच्या रात्री जागायला यायचंच, असं सांग. त्या दोन रात्री तू माझ्याकडे झोपायला ये.