दोर बदलण्यापूर्वी

मुळशी तालुक्यातील मारुंजी या गावी, जेथे भाताच्या खाचरांच्या बांधांवर उभे राहिले असता आता हिंजवडीच्या संगणकनगरीचे मनोरे दृष्टीस पडतात, तेथे निवृत्तीनंतर मी एक थार गाडी घेतली आणि तिच्या पुढील बंपरावर विजेवर चालणारी विंच बसवून घेतली, तेव्हा गाडीविषयी मी दहा जणांची मसलत घेतली, दोराविषयी मात्र कोणालाच विचारले नाही. विंचेबरोबर पोलादी तारेचा दोर आला होता. तो आयुष्यभर पुरेल अशी माझी समजूत होती, आणि या समजुतीची किंमत मला पुढे दोन पावसाळे हप्त्याहप्त्याने चुकती करावी लागली.

पहिला हप्ता कासारसाईच्या बाजूच्या एका खाचरात वसूल झाला. गाडी आसापर्यंत रुतलेली, पाऊस लागलेला, आणि मी घाईने दोराचा वेढा आंब्याच्या बुंध्याभोवती देऊन हुक त्याच दोरात अडकवलेला. हे मी पूर्वीही अनेकदा केले होते, आणि दर खेपेस त्या जागी तारेला एक कायमची मुरड पडत गेली होती, याची मला दादही नव्हती. साडेनऊ मिलिमीटर जाडीचा तो दोर नवा असता तर साडेसहा टनांच्या आसपास ताण सोसता, आणि माझी विंच साडेचार टनांहूनही कमीच ओढणारी. परंतु दोराचे बळ हे त्याच्या सर्वांत दुबळ्या जागेएवढेच असते. मुरडीपाशी दोर तुटला, आणि माघारी येणाऱ्या त्याच्या टोकाने वाटेतील निरगुडीचे झुडूप विळ्याने कापावे तसे गुडघ्याच्या उंचीवर कापून काचेला तडा पाडला. त्या झुडपापाशी घटकाभरापूर्वी दोन पोरे तमाशा पाहत उभी होती. “काका, आम्ही मागं सरलो नसतो तर?” असे त्यांतील थोरल्याने विचारले, त्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

देशावरच्या आमच्या मूळ गावी वडील मोट हाकीत. पाणी काढून झाल्यावर ते नाड्याची वीतन् वीत चिमटीतून सोडून पाहत, आणि पीळ सुटलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी मोट तहकूब. ही वाखाच्या दोरावरची निगराणी मी पोलादाच्या भरवशावर सोडून दिली होती.

घाबरलेल्या माणसाप्रमाणे मी मग दुसऱ्या टोकास गेलो आणि कृत्रिम तंतूंचा दोर आणला. १८३४ साली विल्हेल्म आल्बर्ट याने जर्मनीतील हार्ट्झच्या खाणींसाठी तारेचा दोर वळला, तेव्हापासून ओझ्याच्या कामात पोलादाची सत्ता निर्वेध चालली होती. डायनीमासारख्या पॉलिथिलीनच्या तंतूंनी ती गेल्या तीसेक वर्षांत डळमळीत केली, आणि त्यास कारणेही सबळ आहेत. अठ्ठावीस मीटर तारेचे वजन दहा किलोच्या घरात, तर तेवढ्याच जाडीच्या या दोराचे जेमतेम दोन किलो, आणि बळ उलट अधिक. तो पाण्यावर तरंगतो, हातात कुसळे घुसवीत नाही, तुटला तर ओढ्याकाठीच विणून जोडता येतो, आणि वस्तुमान अल्प असल्यामुळे तुटताना तारेसारखा झोडपीत नाही. मात्र त्याच्या टोकाचा लोखंडी हुक तितकाच घातक असतो, म्हणून दोर कोणताही असो, ताण देण्यापूर्वी त्यावर ओले गोणपाट टाकावे आणि माणसे दोराच्या लांबीहून दूर उभी करावीत.

दुसरा हप्ता या नव्या दोराचा. विंचेच्या तोंडाशी असलेल्या, तारेने खरवडलेल्या जुन्याच रोलरवरून मी तो ओढला, त्याला लव फुटू लागली तरी दुर्लक्ष केले, चिखलाने माखलेला दोर न धुता गुंडाळला, आणि वाळलेल्या मातीचे कण आतून तंतू कापीत राहिले. अखेर ओढ्यात कोणी तरी आणून टाकलेल्या स्लॅबच्या तुकड्याची कड लागली, आणि जीर्ण झालेला तो दोर सुरीने कापल्यासारखा सुटून मुकाट्याने पाण्यात पडला. मारुंजीच्या चिखलात आता नुसता चिखल नसतो; इमारतींचा राडारोडा आणि सळयांची टोकेही असतात, आणि जेथे अशी धार वा काळ्या खडकाची कपार आहे, तेथे एकतर तार वापरावी किंवा दोरावर जाड खोळ चढवावी.

उष्णता हाही या दोराचा छुपा वैरी. बहुतेक विंचांचा ब्रेक दोर गुंडाळणाऱ्या ड्रमच्या पोटात असतो, आणि उतारावर गाडी विंचेने हळूहळू खाली सोडू लागले की ड्रम तापतो. तंतू सुमारे १४५ अंशांना वितळतात, परंतु सत्तरीच्या पुढेच त्यांचे बळ ढळू लागते. म्हणून ज्यास घाटात वारंवार गाड्या उतरवावयाच्या आहेत, त्याने तारच ठेवावी. ड्रमवर तारेचे पाच, तंतूच्या दोराचे आठ-दहा वेढे नेहमी शिल्लक राखावेत.

माझ्या विंचेवर आज पुन्हा तंतूचाच दोर आहे. दर खेपेस घरी येऊन तो घंगाळात धुतो आणि सावलीत वाळवतो, त्यावरून घरात थट्टाही होते. गावातील तरुण नवा दोर घेण्यापूर्वी सल्ल्यास येतात, तेव्हा मी त्यांच्या हाती एक सुती फडके देतो आणि जुन्या रोलरवरून फिरवावयास सांगतो. एक धागा जरी अडकला, तरी खरेदी तहकूब. आधी रोलरच्या जागी गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियमचे मुख बसवून या.