आजीच्या गोष्टी शाळेच्या वहीत

शाळेत गोष्टींचा उपक्रम घ्यावयाचा म्हटले की बहुधा ठरावीक प्रकार होतो. पुस्तकातील चित्रे उतरवून काढावयाची, पुठ्ठ्याचे मुकुट करावयाचे आणि स्नेहसंमेलनात एखादा प्रवेश बसवावयाचा. आम्हीही पुष्कळ वर्षे हेच केले. परंतु एके वर्षी साऱ्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा प्रत्येकीत तोच सिंह, तोच ससा आणि तीच विहीर! वैनगंगेच्या काठची एकही गोष्ट त्यांत नव्हती. तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. आधी ऐकणे, मग लिहिणे आणि चित्र व नाट्य सर्वांत शेवटी.

मुलांना प्रथम गोष्टींचे तीन प्रकार समजावून द्यावेत.

पहिला प्रकार पुराणकथेचा. जग कसे झाले, माणूस कोठून आला, अमुक चाल का पडली, हे ती सांगते. आपल्याच जिल्ह्यात बैहरकडे बैगा लोक राहतात. नांगा बैगा हा त्यांचा आदिपुरुष. धरती ही आई, तिच्या छातीवर नांगर चालवू नये, अशी त्यांची श्रद्धा. म्हणून पूर्वी ते नांगर न धरता 'बेवर' शेती करीत. कथा आणि जगणे यांचा सांधा मुलांना येथे स्वच्छ दिसतो.

दुसरा प्रकार नीतिकथेचा. तिच्यात प्राणी बोलतात आणि शहाणपण माणसाने घ्यावयाचे असते. अशा कथांना गावाची शीव नसते. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेले, तेथून अरबीत 'कलीला व दिम्ना' झाले आणि पुढे युरोपात पोहोचले. उलट इसापाच्या गोष्टी सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी 1828 साली मराठीत आणल्या.

तिसरा प्रकार दंतकथेचा. ती एखाद्या टेकडीला, तळ्याला, किल्ल्याला चिकटलेली असते. लांजीच्या किल्ल्याची सहल काढावी व वहीच्या पानावर दोन रकाने पाडावेत. एकात 'लोक काय सांगतात', दुसऱ्यात 'डोळ्यांना काय दिसते'. दोन्ही रकाने प्रामाणिकपणे भरणारा विद्यार्थी इतिहासाचा पहिला धडा शिकला असे समजावे.

ऐकलेली गोष्ट लिहून ठेवल्याने काय होते, याचा दाखला जवळच आहे. लांजीपलीकडे, आता गोंदिया जिल्ह्यात, कचारगडची गुहा आहे. गुहेत कोंडलेल्यांची लिंगोने सुटका केली, ही गोंड लोकांची मूळकथा तेथे नांदते आणि माघी पौर्णिमेला हजारो लोक दर्शनास येतात. परधान गायक ती कथा पिढ्यान्‌पिढ्या गात आले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून ती उतरवून घेतली. 1863 साली हिस्लॉप वारले आणि त्यांचे कागद 1866 साली छापले गेले. गाणाऱ्याचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही, पण त्याचे गाणे राहिले.

येथे शिक्षकाने एक पथ्य पाळावे. एकाच्या घरची जी श्रद्धा, तिला दुसऱ्याने वर्गात हसता कामा नये. वडीलधाऱ्यांना विचारूनच लिहावे. ते नको म्हणाले तर पान कोरे सोडावे.

भाषेविषयीही सांगणे आहे. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, भंडाऱ्याकडचे सोयरे दुसऱ्या राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. मुले हिंदीतून शिकतात, ते योग्यच आहे. मात्र आजी पोवारीत, गोंडीत किंवा मराठीत सांगते, तर गोष्ट तिच्याच शब्दांत उतरवावी. तो शब्द 'अशुद्ध' म्हणून लाल शाईने खोडू नये. खाली हिंदीत अर्थ लिहावा, म्हणजे वर्गाचेही काम होते. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख लिहिण्यास विसरू नये. त्यानंतर खुशाल चित्रे काढावीत, मातीची जनावरे करावीत, नाटक बसवावे. ते नाटक कोणाचे उसने नसते.

एके वर्षी एका मुलाने कोरी वही आणून दिली. आम्ही रागावणार, तोच तो म्हणाला, "गुरुजी, तळ्याची गोष्ट आजीलाच येत होती. ती पावसाळ्यात गेली." त्याच्या वडिलांना विचारले, त्यांना आरंभ आठवत होता, शेवट नाही. त्या कोऱ्या पानाने आम्हांस जे शिकविले, ते कोणत्याही शिक्षणशास्त्राच्या ग्रंथाने शिकविले नव्हते.

महोत्सवास वर्गणी सर्वांनी दिलीच आहे. आता प्रत्येक घराने एक गोष्टही द्यावी, एवढीच विनंती. मुलाला वही आम्ही देऊ. त्याला आजीजवळ आपण बसवावे, आणि ते याच उन्हाळ्यात.