स्वराचा आरंभ आणि शेवट



आपल्या पांढरकवड्यांत भजनास किंवा प्रार्थनेस बाजाची पेटी वाजते, ती आपण सर्वांनीं पाहिली आहे. पट्टी दाबतांच स्वर उमटतो; बोट उचलतांच स्प्रिंग पट्टीखालचें छिद्र मिटविते व स्वर थांबतो. संगणकावरील संगीतांत मात्र हें थांबविण्याचें काम आज्ञावली लिहिणाऱ्याकडे येतें.

वाद्यें व संगणक यांस जोडणारी 'मिडी' ही सांकेतिक भाषा १९८३ सालीं प्रसिद्ध झाली. पंडित भातखंडे यांच्या स्वरलिपींत स्वरापुढें आडव्या रेघा देऊन त्याची लांबी दाखवितात. मिडींत लांबी लिहीत नाहींत; आरंभाचा एक निरोप व शेवटाचा दुसरा, एवढेंच. प्रत्येक निरोपांत तीन संख्या असतात. पहिली निरोपाचा प्रकार सांगते: पहिल्या चॅनलवर १४४ म्हणजे आरंभ, १२८ म्हणजे शेवट. दुसरी स्वर सांगते. मध्य सप्तकांतील पांढरी एक म्हणजे ६०. तिसरी आघाताचा जोर सांगते. मात्र १४४ च्या निरोपांत जोर ० असेल, तर तोही शेवटच समजावा.

आतां खरी अडचण पाहूं. गायकासाठीं सूर दोन पट्ट्या चढविला आहे. वादकानें ६० ची पट्टी दाबली. आज्ञावलीनें ६२ चा आरंभ पाठविला. पट्टी दाबलेली असतांच सूर तीन पट्ट्या चढविला, व मग बोट उचललें. आज्ञावली नवा हिशेब करून ६३ चा शेवट पाठविते. ६३ वाजतच नव्हता. ६२ मात्र थांबत नाहीं. आवाज ऑर्गनसारखा असेल, तर तो अखंड घुमत राहतो. सर्व स्वर बंद करण्याचा निरोप आहे खरा (१७६, १२३, ०). पण त्यानें बरोबर चाललेले स्वरही तुटतात.

उपाय सोपा आहे. ० ते १२७ अशा १२८ ओळींचा तक्ता ठेवावा. पट्टी दाबतांना जो स्वर पाठविला, तो तिच्या ओळींत लिहावा. पट्टी सुटतांना नवा हिशेब करूं नये. तक्त्यांत लिहिलेल्या स्वराचाच शेवट पाठवून ती ओळ पुसावी. आरंभाच्या वेळची नोंद असल्यावांचून शेवट बिनचूक होत नाहीं.

अभ्यास: सूर दोन चढविलेला असतां ६४ ची पट्टी दाबली. ती न सोडतां सूर मूळ जागीं आणून ६६ ची पट्टीही दाबली. दोन्हींचा स्वर ६६ च. आतां पहिली पट्टी सोडल्यास स्वर थांबवावा काय? एकच स्वर किती पट्ट्यांनीं धरला आहे, याची मोजणी तक्त्यांत कशी ठेवाल?