‘मला काहीही झालेलं नाही’

प्रश्न : बाबांचं वय ५८. तपासणीत मधुमेह निघाला, पण ‘लॅबवाल्यांनी घोळ घातलाय’ म्हणत ते गोळ्यांना हात लावत नाहीत. चहात दोन चमचे साखर चालूच आहे. काय करावं?

उत्तर : या हट्टामागे बहुधा भीती आहे. धक्का पचेपर्यंत मन वास्तव नाकारतं. मनाच्या अशा बचावयंत्रणांची सविस्तर मांडणी मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये केली. सुरुवातीचे काही दिवस हा नकार माणसाला सावरतो; पण तो लांबला तर डोळे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसांवर बेततं.

लॅबवरून वाद घालू नका. ‘मग दुसरीकडे तपासून खात्री करून घेऊ या,’ असं म्हणा. एचबीए१सी चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगते आणि तिला उपाशीपोटी जावं लागत नाही. पुन्हा ६.५ टक्के किंवा त्याहून जास्त आलं, तर शंकेला जागा उरत नाही. अहवाल डॉक्टरांनाच समजावून सांगू द्या.

‘बाबा, नेमकी कशाची भीती वाटते?’ असं निवांतपणे विचारा आणि मध्ये न बोलता ऐकून घ्या. साखर घरातल्या सगळ्यांच्याच चहातली कमी करा. वजन झपाट्याने घटलं किंवा जखम भरेना, तर मात्र त्यांच्या होकाराची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना गाठा.