डिश-फॉकच्या गॅलरीतून

ऑस्टिनला राहायला आलो तेव्हा क्रिकेटखेरीज दुसऱ्या खेळाला मनात जागा नव्हती. टेक्सास विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने ती हळूहळू करून घेतली. त्या नादात जमलेलं हे थोडं शहाणपण.

१. चेंडू बॅटला लागला म्हणून लगेच टाळ्या पिटू नका. लेट कट, लेग ग्लान्स, मागे उडवलेला फटका, म्हणजे आपण ज्यावर जीव टाकतो ते सगळं इथे ‘फाउल’. धावा फक्त समोरच्या पाव मैदानात.

२. बॅट धातूची असते. तिच्या ‘टण्ण’ आवाजाची सवय होते. आवडेलच असं नाही.

३. खेळाडूंआधी प्रशिक्षकांची नावं पाठ करा. १९११ ते २०१६ या काळात, महायुद्धाची तीन वर्षं सोडली तर, या संघाला चारच प्रशिक्षक लाभले. बिली डिश यांच्या हाताखाली बिब फॉक खेळले, पुढे शिकागो व्हाइट सॉक्सकडून नाव काढून परतले आणि १९४० साली गुरूच्याच जागी बसले. फॉक यांच्या संघात खेळलेले क्लिफ गस्टाफसन १९६८ मध्ये त्यांच्या जागी आले. हे सरळसरळ घराणंच! चौथे ऑगी गरिडो मात्र कॅलिफोर्नियातून, तिथे नावलौकिक मिळवून आलेले. राष्ट्रीय स्पर्धा १९४७ साली सुरू झाली, त्यामुळे डिश यांच्या वाट्याला ते विजेतेपद आलंच नाही. फॉक यांनी १९४९ आणि १९५०, गस्टाफसननी १९७५ आणि १९८३, गरिडोंनी २००२ आणि २००५ साली ते जिंकलं. वाटणी इतकी चोख की भावकीतही होत नाही. १९७५ पासूनच्या मैदानाला पहिल्या दोघांचं नाव आहे.

४. घरी ‘नऊला जेवायला येतो’ असं कबूल करू नका. बेसबॉलमध्ये बरोबरी नसते. निकाल लागेपर्यंत खेळायचं. ३० मे २००९ रोजी इथे बोस्टन कॉलेजविरुद्धचा सामना नऊऐवजी २५ इनिंग्ज चालला. सात तास तीन मिनिटं! टेक्सास ३-२ ने जिंकलं. ऑस्टिन वुड या बदली पिचरने त्यात १६९ चेंडू टाकले. लोक आजही ते अभिमानाने सांगतात. मला विचाराल तर एवढं कोवळ्या खांद्याकडून करून घेऊ नये.

५. एका खेळाडूत जीव गुंतवू नका. तिसरं वर्ष संपलं की व्यावसायिक संघ त्याला उचलू शकतात. १९८३ चा अंतिम सामना जिंकून देणारा रॉजर क्लेमेन्स त्याच वर्षी बोस्टन रेड सॉक्सकडे गेला.

६. मोसम फेब्रुवारीच्या मध्यात सुरू होतो. पहिल्यांदा येणार असाल तर शनिवार-रविवार टाळा, मंगळवारच्या संध्याकाळी या. होम प्लेटच्या मागची जागा धरा, आणि फाउल चेंडूवर डोळा ठेवा.