बोर्डो मिश्रण : काय विरघळते, काय बदलते?

द्राक्ष, सुपारी, लिंबूवर्गीय फळझाडे यांवरील बुरशीजन्य रोगांसाठी बोर्डो मिश्रण आपल्या परिचयाचे आहे. फ्रान्समधील मिलार्दे यांनी १८८५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. एवढे जुने औषध असूनही फवारणीनंतर कधी कोवळी पाने करपतात, तर कधी नोझल तुंबते. याचे कारण बहुधा ते तयार करण्यातच असते. नाव मिश्रण असले तरी हे नुसते मिसळणे नव्हे.

१ टक्का तीव्रतेसाठी १ किलो मोरचूद प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाण्यात विरघळवावे. पाणी निळेभोर होते. पण रंग आला म्हणजे नवा पदार्थ झाला असे नाही. त्यातील थोडे पाणी पसरट ताटलीत (जेवणाची नको, मोरचूद विषारी आहे) सुकू द्या. तेच निळे खडे परत मिळतील. हा भौतिक बदल. पाण्यात युरिया टाकल्यावर बादली गार लागते, तोही भौतिक बदलच.

आता १ किलो कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवा. तो फसफसतो, वाफा येतात, म्हणून डोळे जपावेत. येथे चुना व पाणी यांचा संयोग होऊन नवा पदार्थ तयार होतो. निवळी नुसती वाळवून कळीचा चुना परत मिळत नाही. त्यासाठी भट्टीच लावावी लागेल. हा रासायनिक बदल. उघड्या पोत्यातील चुन्यात मात्र असे बदल गाजावाजा न करता होतात. तो हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड वायू शोषून खडूच्या भुकटीसारखा होतो. वजन १ किलो भरले तरी त्याची ताकद गेलेली असते. ढेकूळ पाण्यात टाकल्यावर तापत नसेल तर तो चुना घेऊ नये.

निवळी ५० लिटर करून गार झाल्यावर वस्त्रगाळ करावी. नंतर दोन्ही द्रावणे तिसऱ्या पिंपात एकाच वेळी ओतून लाकडी काठीने ढवळावे. आकाशी रंगाचा साका दिसेल. तांब्याचे सहसा न विरघळणारे नवे संयुग आणि जिप्सम तयार झाले. हेच संयुग पानावर चिकटून राहते आणि बुरशीला रोखते.

चुना कमी पडला किंवा जुना निघाला, तर काही मोरचूद बदल न होता तसेच उरते व पाने करपवते. म्हणून घासलेला लोखंडी खिळा मिश्रणात मिनिटभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी निवळी घालून पुन्हा तपासावे. तांबे लोखंडावर बसते हाही रासायनिक बदलच, आणि म्हणूनच लोखंडी किंवा जस्ताची बादली वापरू नये.

तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे. ठेवल्यास कण मोठे होऊन चिकटपणा जातो, नोझलही तुंबते.