चंद्राजवळून पृथ्वी केवढी दिसते?

भिंगाच्या धड्यात ‘नाभीय अंतर’ येते आणि बहुतेक जण व्याख्या पाठ करून पुढे जातात. आज तेच अंतर आम्ही अंतराळवीरांच्या कॅमेऱ्यावर लावून पाहणार आहोत.

फार दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जवळजवळ नाभीय अंतरावरच पडते. म्हणून वस्तूचा व्यास भागिले तिचे अंतर, गुणिले नाभीय अंतर, म्हणजे प्रतिमेचा व्यास. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७४२ किमी; चंद्र सरासरी ३,८४,४०० किमी दूर. भागाकार ०.०३३.

२४ डिसेंबर १९६८. ‘अपोलो ८’ चंद्राची चौथी प्रदक्षिणा करीत होते. चंद्राच्या क्षितिजावर निळी पृथ्वी उगवताना दिसली. विल्यम अँडर्स यांनी आधी कृष्णधवल फोटो घेतला, मग घाईने रंगीत फिल्म मागितली. हॅसलब्लाड कॅमेऱ्याला तेव्हा २५० मिमीचे भिंग होते. गुणाकार करा: ८.३ मिमी. नेहमीच्या ८० मिमीच्या भिंगाने पृथ्वी जेमतेम २.७ मिमीची आली असती! जगभर गाजलेल्या त्या चित्रातली पृथ्वी फिल्मवर शर्टाच्या लहान बटणाएवढीच आहे.

१९६९ मध्ये ‘अपोलो ११’च्या वेळी गरज उलटी होती. चंद्रावर उभ्या माणसाला जवळचा सोबती आणि भोवतीची जमीन एकाच चौकटीत हवी, म्हणून ६० मिमीचे झाईस बायोगॉन भिंग नेले. कॅमेरा छातीवर बसवलेला, डोळा लावून पाहण्याची सोय नाही, नेम अंदाजानेच.

या कॅमेऱ्यात फिल्मसमोर एक काच होती. तिच्यावर १० मिमी अंतराने २५ बारीक फुल्या कोरलेल्या होत्या. फिल्म ताणली किंवा आक्रसली, तर फुल्यांमधल्या अंतरावरून ते कळे. काही फोटोंत पांढऱ्या वस्तूवरची फुली पुसल्यासारखी दिसते. ‘म्हणजे फोटो बनावट’ असे संदेश पालकांच्याही वाचनात आले असतील. कारण साधे आहे: फार उजळ भागाचा प्रकाश फिल्मच्या थरात बाजूला पसरतो आणि केसाएवढी रेघ गिळून टाकतो.

आता तुमची पाळी. चंद्राचा व्यास ३,४७५ किमी. पृथ्वीवरून २५० मिमीच्या भिंगाने त्याची प्रतिमा किती मिमीची येईल? रीत दाखवून उत्तर वहीत लिहा आणि विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा.